जित्याचा उन्हाळा

उन्हाळा लागला की सुखवस्तू मंडळींची पावले महाबळेश्वर, माथेरान ह्यांसारख्या थंड हवेच्या ठिकाणांकडे वळतात. ह्याच दिवसांत पुण्यासारखे कोरड्या हवेचे शहर सोडून, जेथे सकाळी अंगात घातलेला सदरा दहा वाजण्याच्या आत पिळून काढावा लागतो अशा कोकणात मुद्दाम जाऊन राहणाऱ्यांच्या शहाणपणाविषयी कोणासही शंका यावी. तथापि ज्यांचे मूळ घर कोकणात अद्याप उभे आहे, त्या कुटुंबांची रीत निराळी आहे. ती मंडळी हवेसाठी प्रवास करीत नाहीत, माणसांसाठी करतात. आणि माणसांनी एकत्र जमण्याचा हंगाम तेथे आंब्याफणसांच्या हंगामाशी सुदैवाने जुळून आलेला आहे. २०२५ सालचा उन्हाळा आम्ही उभयतांनी असाच जिते येथे घालविला. त्यात आनंदाचे दिवस पुष्कळ आले, आणि न यावा तो एक दिवसही आला. दोहोंचा हिशोब एके ठिकाणी मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग पनवेल सोडून कर्नाळ्याच्या सुळक्याखालून पुढे येतो, खारपाड्यास पाताळगंगा ओलांडतो आणि पेण तालुक्यात शिरतो. शिरल्यावर प्रारंभी जी गावे लागतात, त्यांत जिते हे एक. आगगाडीने यावयाचे झाल्यास पनवेलीस गाडी बदलून रोह्याकडे जाणारी गाडी धरावी. आपट्याच्या पुढचे स्थानक जित्याचे. आपटा ते रोहा हा लोहमार्ग १९८६ साली सुरू झाला. त्याच रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे आरंभ पावते, व ती २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध खुली झाली. आज लांब पल्ल्याच्या गाड्या आमच्या गावावरून सुसाट निघून जातात. त्यांतील उतारूंस जिते हे नाव फलकावर वाचण्याइतकाही अवकाश मिळत नसेल.

नाव मात्र लक्षात राहण्यासारखे आहे. आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणत असू, त्यांचा ह्या नावावर एक ठरलेला विनोद होता. त्यांच्या कोणत्याही हट्टाविषयी वहिनींनी तक्रार केली की ते म्हणावयाचे, "अगं, जित्याची खोड ही, मेल्याशिवाय कशी जाईल?" हा विनोद आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला होता की त्यास हसण्याचेही आता कोणी मनावर घेत नसे.

दादांचे ऐंशीवे वर्ष चालू होते, आणि सहस्रचंद्रदर्शनाचा विधी करावा असे घरात घाटत होते. त्यांनी सारा जन्म जित्यास काढला. आम्ही शिक्षकाच्या पेशामुळे घाटावर गेलो व तेथलेच झालो. घर, शेत आणि देव दादांनी सांभाळले. त्यांचे एकुलते एक चिरंजीव अमेरिकेत स्थायिक झाले आहेत. म्हणजे वर्षाचे नऊ महिने त्या पाचखणी घरात दादा आणि वहिनी अशी दोनच माणसे असत. रामनवमी आटोपून आम्ही तेथे पोहोचलो, तेव्हा वहिनींनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आमच्या सौभाग्यवतींस म्हणाल्या, "आता मला बोलायला माणूस मिळाले."

आमच्या गावाभोवतालची भूमी डोळ्यांत भरावी अशी नाही. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस खाडीकडे उतरत गेलेली सखल भातखाचरे. बांध घालून खारे पाणी बाहेर थोपवावे, पावसाच्या पाण्याने जमिनीचा क्षार धुऊन काढावा आणि मग तेथे भात पिकवावे, हा उद्योग ह्या भागात अनेक शतके चालत आला. बाहेरचा बांध आणि त्यातील उघाडी राखणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. एकाचा बांध फुटला की दहाजणांचे शेत खारावते. भात निघाल्यावर उरल्या ओलीवर वाल होतात, आणि त्यांच्या बिरड्याची चव घाटावरच्या माणसास समजावून सांगता येत नाही. अलीकडे ह्या खाचरांच्या कडेने जमिनीच्या खरेदीविक्रीचे फलक उभे राहिले आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी व न्हावाशेवा ह्यांना जोडणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले, तेव्हापासून मुंबई आमच्या आणखी जवळ आली. दादा म्हणत, "पूर्वी भरतीचे पाणी येत असे, आता मुंबई येते. बांध घालायचा तरी कोठे?"

अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. तिच्या मागोमाग आमची मंडळी येऊ लागली. पुण्याहून थोरले चिरंजीव, सूनबाई आणि त्यांची दोन अपत्ये; ठाण्याहून कन्या आणि तिचा मुलगा; शिवाय सौभाग्यवतींच्या माहेरची, रोह्याची भाचरे. दोन माणसांच्या घरात एकदम तेरा माणसे झाली. माजघरात रात्री गाद्या पसरल्या की पाऊल ठेवावयास जागा उरत नसे. सकाळी अंगणात वहिनींच्या देखरेखीखाली पोह्याचे पापड आणि मिरगुंडे वाळत घालण्याचे काम चाले. पेणचे पोहे आणि पेणचे पापड सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहेत. पण त्या पापडाच्या ओल्या लाट्या तेलाचे बोट लावून खाण्याचे सुख पेणकरांच्या मुलांनाच लाभते. दुपारी कातकरी बाया डोक्यावर करवंदांच्या पाट्या घेऊन येत. पांढऱ्या कांद्याच्या माळा अलिबागेकडून घरी आल्या होत्या. ह्या कांद्यास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचे आमच्या नातवाने आम्हांस सांगितले, आणि दादांनी त्यास सांगितले की मानांकनाच्या आधीही तो गोडच होता.

एके दिवशी आम्ही रोह्यास गेलो. सौभाग्यवतींचे माहेर तेथील. कुंडलिकेच्या काठी, धावीर महाराजांच्या छायेत त्या वाढल्या. आम्हां संस्कृताच्या विद्यार्थ्यांस रोह्याविषयी आणखी एका कारणाने आदर वाटतो. चिंतामणराव देशमुख ह्यांचे बालपण ह्या गावी गेले. १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले व संस्कृतासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झालेल्या ह्या गृहस्थांनी कालिदासाचे 'मेघदूत' मराठीत आणले, ह्याचे आमच्या मुलांना नवल वाटले. पैसा आणि काव्य एकाच माणसाच्या डोक्यात नांदू शकतात हे त्यांच्या पिढीस पटत नाही.

परंतु त्या महिन्यातील दोन सहली विशेष सांगण्यासारख्या आहेत. कारण पुढे जे घडले ते सोसताना त्याच दोन आम्हांस उपयोगी पडल्या.

पहिली सहल जवळचीच, हमरापूरची. पेण शहराप्रमाणे हमरापूर, जोहे व भोवतालच्या गावांतही घरोघर गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. गणेशोत्सव भाद्रपदातला, पण ह्या गावांस तो बारा महिने असतो. वैशाखात तर कामास भरच येतो. पडवीत, माळ्यावर, मांडवाखाली जिकडे पाहावे तिकडे गजाननाच्या शेकडो मूर्ती रांगेने बसलेल्या. कोणास सोंड आहे तर हात लागावयाचे आहेत, कोणास रंग चढला आहे तर दृष्टी उघडावयाची आहे. शाडूची माती प्रायः गुजरातेतून येते. ती मळून साच्यात दाबतात, साचा सोडवून सांधे जुळवितात, ओल्या हाताने अंग गुळगुळीत करतात आणि सावलीत वाळवितात. रंग देणारे हात अनेक असतात. पण डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा. तो शेवटी येतो. त्याच्या कुंचल्याचे चार फटकारे बसेपर्यंत जी माती असते, तिच्यासमोर नंतर हात आपोआप जोडले जातात.

परदेशी जाणारे गणपती सर्वांत आधी निघतात. जहाजाचा प्रवास दीर्घ असल्यामुळे उन्हाळा संपण्यापूर्वीच त्यांच्या पेट्या बंद होतात. दादांनी आपल्या चिरंजीवांसाठी एक लहानशी मूर्ती पूर्वीच निवडून ठेवली होती. गवताच्या पेंढ्यात बसवून ती पेटीत घातली जात असता त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जा बाबा. मला काही तिकडे येणे होत नाही."

कारखान्यांत शाडूपेक्षा प्लास्टरच्या मूर्तीच अधिक दिसल्या. प्लास्टर हलके, स्वस्त, आणि पाणी घालताच थोड्या वेळात दगडासारखे घट्ट होणारे. त्यामुळे मोठ्या मूर्ती त्याच्याच होतात व हजारो हातांस काम मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत ह्या मूर्तींस मनाई केल्यामुळे गावात चिंता होती आणि वाद न्यायालयात चालू होता. पुढे जून महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास मुभा दिली. मात्र नैसर्गिक जलाशयांत त्या विसर्जित करण्याचा प्रश्न निराळा ठेवला. हा वाद मिटविणे आमच्यासारख्यांचे काम नव्हे. त्यातील मूळ अडचण तेवढी ध्यानात आली. शाडू पाण्यात विरघळतो व पुन्हा माती होतो. प्लास्टर पाण्यात घातले तरी सहसा विरघळत नाही. मग भरतीबरोबर ते भग्न अवयव किनाऱ्यावर परत येतात. ज्यास निरोप दिला तो जातही नाही आणि राहतही नाही, ही अवस्था मोठी केविलवाणी असते.

दादांच्या घरचा गणपती कारखान्यातून येत नसे. साच्यावाचून, स्वतःच्या हाताने, वीतभर उंचीची मूर्ती ते दर वर्षी करीत. अक्षय्य तृतीयेनंतर शाडूचा गोळा आणावा, दुपारच्या वेळी पडवीत पाटावर बसावे आणि थोडे थोडे काम करावे असा त्यांचा परिपाठ होता. कारागिराच्या मानाने ती मूर्ती ओबडधोबडच दिसे. सोंड जराशी जाड, पोट जरासे वाकडे. पण चाळीस वर्षे आमच्या देव्हाऱ्यापुढे तीच बसली. ह्या वर्षी मुले भोवती जमली. नातीने मूषक केला, नातवाने मोदक केले, आणि भाचरांनी मिळून जे काही केले त्याचे नाव ठरेपर्यंत ते वाळून गेले.

दुसरी सहल गागोद्याची. पेण तालुक्यातच, डोंगराच्या आश्रयास असलेले हे लहान गाव विनोबांचे जन्मस्थान. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे येथे जन्मले. बाळकोबा आणि शिवबा हे त्यांचे धाकटे बंधू. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत, आणि मुलांचे बालपण आजोबा शंभुराव व आई रुक्मिणीबाई ह्यांच्या सहवासात गेले. घरचा फणस पिकला की आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांस गरे वाटून येण्याचे काम आई मुलांकडून करवून घेत असे व मग त्यांच्या हातावर गरा ठेवीत असे, ही आठवण विनोबांनी पुढे सांगितली आहे. त्याच माउलीस गीता वाचावयाची होती, पण तिला समजेल अशी सोपी मराठी गीता मिळेना. तेव्हा तूच का करीत नाहीस, असे तिने मुलास म्हटले. ती १९१८ साली निवर्तली. 'गीताई' लिहून झाली ती १९३०-३१ साली. जिच्यासाठी ग्रंथ लिहिला तिने तो पाहिला नाही. पण तिच्यानंतर लाखो घरांत तो वाचला गेला.

गागोद्याच्या त्या घराच्या ओटीवर बसून दादांनी मुलांना शंभुरावांची गोष्ट सांगितली. गणेशोत्सवात शंभुराव चंदनाच्या गंधाची मूर्ती करीत. मुलांनी बसून चंदन उगाळावे, उगाळून उगाळून गंध जमवावे, आजोबांनी त्यास आकार द्यावा. मग प्राणप्रतिष्ठा, पूजा, आरती. आणि दिवस भरले की ज्या हातांनी मूर्ती घडविली त्याच हातांनी ती पाण्यात सोडावयाची. एवढ्या कष्टाने केलेली वस्तू बुडविण्याचे दुःख मुलांना होई. पण करणे आणि सोडणे ही दोन्ही शिकावी लागतात, हा धडा विनोबांनी त्यातून घेतला.

आमची नात नऊ वर्षांची आहे. तिने विचारले, "मोठे आजोबा, बुडवायचाच असेल तर करायचा कशाला?"

दादा थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "बाळ, तू पुण्याला परत जाणारच आहेस ना? म्हणून काय मी तुला बोलावायचेच नाही?"

त्या रात्री जित्यास परतल्यावर ओटीवर ह्याच विषयावर बोलणे निघाले. आमचा जन्म व्याकरण शिकविण्यात गेल्यामुळे आम्ही सहजच सांगितले की, 'विसर्जन' हा शब्द ज्या सृज् धातूपासून झाला, त्याच धातूपासून 'सृष्टी' आणि 'सर्जन' हे शब्द झाले आहेत. धातुपाठात ह्या धातूचा अर्थच मुळी विसर्ग, म्हणजे सोडून देणे, असा दिला आहे. निर्माण करणे आणि सोडणे ह्यांना आपल्या पूर्वजांनी दोन धातू केले नाहीत. आपल्यातून काही बाहेर सोडल्यावाचून निर्मिती होत नाही, एवढे त्यांस ठाऊक होते. षोडशोपचारांत आवाहन पहिले आहे, पण पूजा पुरी होते ती निरोपानेच; आणि त्या निरोपाच्या मंत्रातही पुन्हा येण्याची विनंती असते. दादांनी हे सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, तुझ्या धातूंना माझ्या शाडूइतके ओले ठेवले असतेस तर मुलांना संस्कृत गोड लागले असते." सर्वजण हसले. आम्हीही हसलो.

त्या वर्षी पाऊस फार लवकर आला. मुंबईस मोसमी पाऊस साधारणतः ११ जूनच्या सुमारास यावयाचा, तो २६ मे रोजीच येऊन ठेपला. इतका लवकर आल्याची तेथे पूर्वी नोंद नव्हती. पापडांची शेवटची खेप अंगणातून माजघरात धावत आणावी लागली. हमरापूरच्या कारखान्यांत मूर्ती वाळण्याची पंचाईत झाली. दादांचा गणपतीही पुरता वाळला नव्हता. त्यास त्यांनी चुलीजवळच्या फळीवर, उबेला नेऊन ठेवले. त्याच आठवड्यात मंडळी एकेक करून निघाली. स्थानकावर गाडी हलताना नातीने खिडकीतून ओरडून सांगितले, "डोळे मी येईपर्यंत काढू नका!" दादांनी हात वर करून कबूल केले.

मुले गेल्यावर घर मोठे वाटू लागते हा अनुभव सर्वांस आहे. वहिनींनी तेरा ताटे पुसून फडताळात ठेवली आणि चार बाहेर राहू दिली.

ज्येष्ठ शुद्ध दशमीस, ५ जून रोजी, दादा नेहमीप्रमाणे पहाटे उठले. तोंड धुऊन ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले. वहिनींनी चहा आणून शेजारी ठेवला व त्या आत गेल्या. झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज थांबला होता हे आमच्या सौभाग्यवतींच्या आधी ध्यानात आले. आम्ही बाहेर येऊन पाहिले, तेव्हा चहावर साय धरली होती आणि दादांची मान एका बाजूस कलली होती. त्यांच्या मुद्रेवर कष्टाचे चिन्ह नव्हते. पेणहून डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, आणि जे आम्हांस कळून चुकले होते ते सांगितले.

बाहेर संततधार लागली होती. शेजारच्या आगरी मंडळींनी पावसाळ्यासाठी साठविलेले आपले कोरडे सरपण न मागता आणून दिले. चार महिन्यांच्या चुलीची ती बेगमी होती. चिरंजीव सातासमुद्रापलीकडे असल्यामुळे अग्नी आम्ही दिला. धाकट्या भावाने थोरल्यास अग्नी द्यावा ह्यात शास्त्रास बाध नाही. हातास मात्र ते काम जड गेले. चिरंजीव तिसऱ्या दिवशी येऊन पोहोचले. वडिलांनी त्यांच्यासाठी निवडलेला गणपती त्या वेळी समुद्रावर कोठेतरी त्यांच्या घराकडे चालला होता, आणि ते आमच्या घरी आले होते.

१० जूनला वटपौर्णिमा आली. गावातल्या बायका सुताची गुंडी आणि आंबे घेऊन घरावरून वडाकडे गेल्या. वहिनी खिडकीशी उभ्या होत्या. सौभाग्यवतींनी त्या दिवशी वड पुजला नाही. सुतक होतेच, पण नसते तरी आपण गेलो नसतो असे त्या म्हणाल्या.

दहाव्या दिवशी आम्ही अस्थी घेऊन हरिहरेश्वरास गेलो. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, सावित्री जेथे सागरास मिळते त्याच्या जवळ हे क्षेत्र आहे, व दक्षिण काशी ह्या नावाने त्याची ख्याती आहे. पावसाळी समुद्र खवळलेला होता, लाटा खडकावर आदळत होत्या. भटजींनी सांगितल्याप्रमाणे सर्व विधी झाला. चिरंजीवांनी अस्थी पाण्यात सोडल्या. पहिल्या लाटेने त्या घेतल्या, दुसऱ्या लाटेत काही दिसले नाही. परत येताना गाडीत कोणी बोलले नाही.

तेराव्यानंतर जो प्रश्न येतो तो आमच्याकडेही आला. चिरंजीव सरळ मनाचे आहेत. त्यांनी काहीही आडपडदा न ठेवता सांगितले, "काका, आईने माझ्याकडे यावे. हे घर आता कोण पाहणार? जमिनीला आज भाव आहे. पाच वर्षांनी भिंती पडल्यावर विकण्यापेक्षा आज विकलेले बरे." त्यांच्या म्हणण्यात खोटे काही नव्हते. कोकणात फिरताना गावोगाव बंद घरे दिसतात. अंगणात रान माजलेले, कौले उडालेली, दाराच्या कुलपास गंज चढलेला, आणि भिंतीत कोनाड्याजवळ अजून एखादे देवाचे चित्र. मालकास विकवत नाही आणि येववतही नाही. हमरापुरास पाहिलेल्या प्लास्टरची आम्हांस त्या वेळी आठवण झाली.

वहिनी बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, मी आहे तोवर ह्या घरात दिवा लावीन. माझ्यामागे विकायचे असेल तर खुशाल विका, मला त्याचे वाईट वाटणार नाही. पण आधी देव हलवा, वास्तूला नमस्कार करा, आणि मग किल्ली द्या. कुलूप घालून सडत मात्र ठेवू नका."

बारा वर्षे संस्कृत शिकून जे आम्हांस धातूंच्या आधाराने सांगावे लागले, ते त्या माउलीने चार वाक्यांत सांगितले. ठेवावयाचे तर जिवंत ठेवावे, सोडावयाचे तर उत्तरपूजा करून सोडावे. मधल्या अवस्थेत मूर्तीचे हाल होतात, घराचे होतात, आणि माणसांचेही होतात. चिरंजीवांनी आईचे म्हणणे मान्य केले. शेत शेजाऱ्यांस कसावयास दिले. आम्ही उभयतांनी पुण्यास जाण्याचे लांबणीवर टाकले, आणि पुढे असे ठरले की पावसाळा व उन्हाळा आम्ही जित्यास वहिनींजवळ काढावा आणि थंडीत त्यांनी आमच्याकडे पुण्यास यावे.

गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. चुलीजवळच्या फळीवर दादांची मूर्ती तशीच होती. वाळली होती, एका कानास बारीक चीर गेली होती, डोळे नव्हते. ह्या वर्षी मूर्ती बाहेरून आणावी असे कोणी सुचविले, पण वहिनींनी ऐकले नाही. चिरेत ओला शाडू सौभाग्यवतींनी भरला. नात दोन दिवस आधी आली. हमरापूरच्या एका आखणी करणाऱ्या वृद्ध कारागिरास आम्ही विनंती केली, तेव्हा त्याने येऊन तिचा हात धरला आणि तिच्याकडून डोळे काढविले. एक डोळा किंचित मोठा झाला. दादांच्या मूर्तीस तो शोभला.

दीड दिवसांनी गावच्या तळ्यावर विसर्जन झाले. नातीने मूर्ती स्वतः हातांत धरली होती. तिने काही विचारले नाही. मूर्ती पाण्याखाली गेल्यावर मात्र ती बराच वेळ पाण्यात हात घालून उभी राहिली. घरी आल्यावर वहिनींस म्हणाली, "मोठी आजी, माती खालून सुटत होती, मला हाताला लागली."

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत आखताना वाचकांनी थंड हवेची ठिकाणे अवश्य पाहावीत. परंतु ज्यांच्या मूळ घरी दोन म्हातारी माणसे ओटीवर बसून वाट पाहत असतील, त्यांनी एक महिना तिकडचा राखून ठेवावा आणि मुलांना बरोबर न्यावे. जाताना निरोप घ्यावा लागतो म्हणून जाणे टाळू नये. आमच्या घरी पुढल्या उन्हाळ्यासाठी हमरापुरास शाडू सांगून ठेवला आहे. मूर्ती कोणाच्या हातची होणार, हे अजून ठरलेले नाही.